तार पोचली, आवाज पोचला का?

घरात चार मोबाइल असलेले मध्यमवर्गीय कुटुंब आज महिन्याकाठी हजारेक रुपये रिचार्जवर घालवते. वाण्याकडचा गूळ किलोमागे दोन रुपयांनी महागला, तर आपण त्याच्याशी हुज्जत घालतो. या हजार रुपयांचे पुढे काय होते, याची मात्र कोणी चौकशी करीत नाही. त्यातले दीडशेच्या आसपास वस्तू आणि सेवा कराचे असतात. उरलेले कंपनीच्या गल्ल्यात जातात. आणि कंपनीच्या हिशेबी महसुलातून दर शंभर रुपयांमागे पाच रुपये एका खास कामासाठी सरकारजमा होतात. जिथे टॉवर उभारणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही, अशा आडरानातल्या खेड्यांपर्यंत फोन आणि इंटरनेट पोचवायचे, हे ते काम. ढोबळ हिशेब केला, तर तुमच्या-आमच्या घरातून दरमहा चाळीसेक रुपये मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या अनोळखी वस्तीसाठी बाजूला निघतात.

गल्लीतल्या गणेश मंडळाला एकावन्न रुपये वर्गणी दिली, की विसर्जनानंतर आपण हक्काने हिशेब विचारतो. ही वर्गणी तर बारमाही आहे. तिचा हिशेब कोण विचारते? कोणापुढे विचारते? आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर कोण तपासून पाहते?

मी अमरावतीत तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. ‘संसद शासनावर नियंत्रण ठेवते’ हे वाक्य मुले घोकून पाठ करीत आणि दोन गुण मिळवीत. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, म्हणून हे नियंत्रण एका खात्यापुरते, दूरसंचार खात्यापुरते, प्रत्यक्षात कसे चालते हे बघावे असे ठरवले. संसदेतले कागद वाचले, मेळघाटात चार-दोन फेऱ्या मारल्या. त्यातून जे दिसले, ते या रविवारी वाचकांपुढे मांडतो आहे.

पैसा येतो कुठून, थांबतो कुठे

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना मोठी मोकळीक दिली आणि त्याबरोबर एक अटही घातली. शहरात कमावता, तर खेड्यांसाठीही काही द्या, अशी ती अट. त्यातून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. त्या वेळी या खात्याचे मंत्री महाराष्ट्राचे प्रमोद महाजन होते. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, इंग्रजांच्या काळातल्या १८८५ च्या तार कायद्यात दुरुस्ती करून या निधीला कायद्याचा आधार देण्यात आला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. नाव निधी असले, तरी हे पैसे एखाद्या वेगळ्या तिजोरीत पडून राहत नाहीत. ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य थैलीत, जातात. तेथून बाहेर काढायचे, तर अर्थसंकल्पात तरतूद लागते आणि संसदेची मंजुरी लागते. खेड्यांच्या नावाने जमा झालेल्या आणि खेड्यांवर खर्च झालेल्या रकमांमधली तफावत वर्षागणिक वाढत गेली. २०१९ च्या सुमारास कागदावरची शिल्लक पन्नास हजार कोटी रुपयांच्या घरात पोचली होती. शेतकऱ्याच्या पासबुकात शिल्लक दिसली तर तो निदान बँकेत जाऊन काढू शकतो. ज्या खेड्यांच्या नावाने ही शिल्लक दिसत होती, त्यांना ती आहे याचाही पत्ता नव्हता.

हिशेब विचारणारी खोली

दर वर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो. त्या दिवशी आपण दूरचित्रवाणीपुढे बसून काय स्वस्त, काय महाग ते बघतो. त्यानंतर संसदेला काही दिवस सुटी असते आणि खरे काम त्या सुटीत होते. १९९३ पासून आपल्याकडे खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. प्रत्येक खात्याने मागितलेल्या पैशांची, म्हणजे ‘अनुदानाच्या मागण्यां’ची, छाननी या समित्या करतात. खात्याचे सचिव कागदांची बाडे घेऊन समोर बसतात आणि सदस्य विचारतात: गेल्या वर्षी एवढे दिले होते, त्याचे काय झाले?

ही खोली किती महत्त्वाची आहे, हे कळण्यासाठी लोकसभेकडे बघावे. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होणे वेळेअभावी शक्य नसते. उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मतास टाकतात. याला संसदेच्या भाषेत ‘गिलोटीन’ म्हणतात. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तर गदारोळात सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. म्हणजे देशाच्या पैशांवर प्रश्न विचारले गेले असतील, तर ते या समित्यांच्या बंद खोल्यांतच.

आपल्या वऱ्हाडाला या बाबतीत अभिमान वाटावा असा योग येऊन गेला. अकोल्याचे खासदार संजय धोत्रे मे २०१९ ते जुलै २०२१ या काळात दळणवळण आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान या खात्यांचे राज्यमंत्री होते. खेड्यांतल्या इंटरनेटविषयी खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांना सभागृहात उत्तरे देण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव दळणवळण व माहिती तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि २०२४ पर्यंत होते. एका वऱ्हाडी माणसाने उत्तरे द्यावीत आणि काही महिन्यांनी दुसऱ्याने प्रश्न विचारणाऱ्यांच्या खुर्चीवर बसावे, असे घडले. तरीही मेळघाटातला फोन लागत नसेल, तर दोष एखाद्या माणसात शोधून भागणार नाही. विचारण्याची रीतच तपासावी लागेल.

किलोमीटर मोजले, माणसे राहिली

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना दोन वर्षांत जोडायचे होते आणि खर्चाचा अंदाज वीस हजार कोटींचा होता. पुढे योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. त्याच वर्षी खर्चाचा आकडा ४२ हजार ६८ कोटींवर गेला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने ‘महानेट’ नावाने अंगावर घेतले. २०२१ मध्ये सोळा राज्यांत खासगी भागीदारीतून काम करण्याचे ठरले, पण त्या निविदांना कोणी वालीच भेटला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. वीस हजार कोटींचे काम बारा वर्षांत सातपट झाले. घर बांधायला काढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही; पण तो निदान रोज सायंकाळी भिंत किती उठली ते बघून येतो.

स्थायी समितीने हे सगळे मुकाट्याने पाहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उद्दिष्टे चुकली, दिलेला पैसा खर्च झाला नाही, याबद्दल तिने वेळोवेळी नाराजी नोंदवली आहे. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते. मंत्र्यांनी सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करावे, असाही दंडक आहे. तरी या सगळ्या प्रश्नोत्तरांत जे मोजले जाते ते काय? किती किलोमीटर तार टाकली, किती ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्या, किती कोटी खर्ची पडले. ‘सेवेस सज्ज’ हा शब्द मोठा चतुर आहे. लग्नाच्या मांडवात पंगतीची पाने मांडली, म्हणजे पाहुणे जेवले असे होत नाही. पाहुण्याला वाढले का आणि तो पोटभर जेवला का, हे पाहुण्यालाच विचारावे लागते.

मेळघाटातल्या एका गावात मी हे विचारले. परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर, मुख्य रस्ता सोडून आत असलेले ते गाव. रेशन दुकानदाराकडे अंगठा घेण्याचे यंत्र होते. त्याला गावात नेटवर्क मिळत नव्हते, म्हणून तो महिन्यातून काही दिवस यंत्र घेऊन टेकडीवर बसे आणि बायाबापड्या रिकामी थैली घेऊन चढण चढत. एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, “माय, फोन नाही लागत का गावात?” त्या हसल्या. म्हणाल्या, “लागते ना गुरुजी. टेकडीवर जा लागते, तवा लागते. पाऊस आला का मग तेबी नाई.” अंगणवाडीतल्या ताई मुलांची वजने वहीत लिहून ठेवीत आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेल्या, की मोबाइलवर भरीत. मेळघाटात मुलांची वजने ही काय चीज आहे, हे १९९३ च्या कुपोषणाच्या बातम्या वाचलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. घसरत्या वजनाचा आकडा वेळेवर वर गेला, तरच खालती मदत वेळेवर येते.

आमच्या पिढीने १९८० च्या दशकात दूरध्वनीसाठी अर्ज भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली. मुंबईच्या मुलाशी बोलायला रात्री दर उतरल्यावर एसटीडी बूथपुढे रांग लावली. तेव्हा फोन नसला, तर गप्पा राहत. रेशन राहत नव्हते. आज तसे नाही. पोषणाची नोंद २०२१ पासून मोबाइलवर गेली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरून फोटो काढून ॲपवर भरण्याची सक्ती झाली. एक खाते हुकूम काढते, की सगळे मोबाइलवर करा. दुसऱ्या खात्याचा मोबाइल अजून गावात पोचलेला नसतो. या दोन खात्यांच्या मधल्या फटीत मजुराची हजेरी पडते आणि तिच्याबरोबर त्याची मजुरी.

हरिसालचा वाद

धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये ‘देशातले पहिले डिजिटल गाव’ म्हणून गाजले. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्यातून तेथे इंटरनेट, दूरवैद्यक सेवा, शाळेत संगणक असा प्रयोग झाला. प्रयोग चांगला होता, त्याचे कौतुकही झाले. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी आपल्या सभांत हरिसालची चित्रफीत दाखवून, हे डिजिटल गाव कुठे आहे, असा सवाल केला. सरकारपक्षाने तितक्याच जोराने आरोप फेटाळला. टाळ्या दोन्हीकडे पडल्या.

पण अशा गोष्टींचा निवाडा सभेत होत नसतो, तो नोंदीने होतो. कोणत्या महिन्यात किती दिवस इंटरनेट चालले, किती रुग्णांना दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळाला, असे गावच्या चावडीवर टांगलेले एक साधे कोष्टक असते, तर चित्रफितीची गरज पडली नसती आणि खुलाशाचीही नाही.

नोंद ठेवता येत नाही, असे कोणी म्हणू नये. निवडणूक आली, की प्रशासन मेळघाटातल्या कोणत्या मतदान केंद्रावर मोबाइल पोचत नाही याची यादी तयार करते आणि तेथे बिनतारी संचांची सोय करते. एका दिवसाच्या मतासाठी ही यादी होते. मग उरलेल्या दिवसांच्या रेशनसाठी, मजुरीसाठी, अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलवायच्या १०८ च्या गाडीसाठी तीच यादी दूरसंचार खात्याच्या टेबलावर का असू नये?

बंद केल्याचीही नोंद नाही

ही गोष्ट मेळघाटापुरतीच आहे, असे अमरावती-अकोल्याच्या शहरी वाचकाला वाटेल. त्याने नोव्हेंबर २०२१ आठवावा. १२ आणि १३ नोव्हेंबरला अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि अफवा पसरू नयेत म्हणून इंटरनेट बंद करण्यात आले. ते काही दिवस बंदच होते. मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल उसळली तेव्हाही तेच झाले. दंगल आवरणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, यात वाद नाही. पण त्या दिवसांत भाजीवाल्याची मोबाइलवरची वसुली थांबली, घरून काम करणाऱ्यांचे काम थांबले, मुलांचे ऑनलाइन वर्ग थांबले. या नुकसानीच्या बदल्यात किती अफवा थांबल्या, हे कोणी मोजले?

हाच प्रश्न स्थायी समितीने विचारला, आणि योगायोग असा, की अमरावतीच्या घटनेनंतर जेमतेम दोन-तीन आठवड्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, तिचा अहवाल संसदेत आला. शशी थरूर तेव्हा अध्यक्ष होते. देशात कुठे, किती वेळा, किती दिवस इंटरनेट बंद केले याची नोंद ना दूरसंचार खाते ठेवते, ना गृहखाते, असे समितीला आढळले. बंदीने खरेच शांतता येते का, याचा अभ्यासही झालेला नव्हता. बंदीच्या आदेशांचा फेरविचार करणाऱ्या समितीत फक्त सरकारी अधिकारी असतात. तेथे निवृत्त न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधीही असावेत, अशी शिफारस तिने केली. कायदा-सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर आले. २०२३ च्या सुरुवातीला, जाधव अध्यक्ष असताना, समितीने नोंदी न ठेवल्याबद्दल पुन्हा नापसंती दर्शवली. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी बंदीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करणे आवश्यक ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच आदेश प्रसिद्ध करावेत असे सांगितले होते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मेळघाटात सेवा पोचली नाही याची नोंद नाही, शहरात सेवा बंद केली याची नोंद नाही. सरकारी वहीत देणाऱ्याची बाजू भरलेली असते. घेणाऱ्याची बाजू कोरी असते. अर्धी वही बघून समितीने कितीही कडक प्रश्न विचारले, तरी उत्तर अर्धेच मिळणार.

मग करायचे काय?

दिल्लीच्या समितीने एकेका टॉवरची चौकशी करावी, असे मी म्हणत नाही. खात्याच्या दैनंदिन कारभारात तिने पडू नये, असा नियमच आहे आणि तो योग्य आहे. ते काम जिल्ह्यातच व्हायला हवे आणि त्याची जागाही आहे.

विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत येणार म्हटले, की अमरावतीत आणि अकोल्यात काय धावपळ उडते, हे सरकारी नोकरीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फायली झटकल्या जातात, शाळांना रंग लागतो, ग्रामसेवकांच्या रजा रद्द होतात. त्या धाकात थोडा देखावा असेलही, पण काही कामे त्यानेच मार्गी लागतात. केंद्राच्या योजनांसाठी अशीच एक जागा २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिचे नाव जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, थोडक्यात ‘दिशा’. खासदार तिचे अध्यक्ष असतात आणि दर तीन महिन्यांनी तिने बसावे अशी अपेक्षा आहे. डिजिटल इंडियाची कामेही तिच्या कक्षेत येतात. वर्तमानपत्रात तिच्या बैठकीचे छायाचित्र येते. पुष्पगुच्छ दिसतो, माइक दिसतो. हरिसालच्या पलीकडचा रेशन दुकानदार मात्र त्यात दिसत नाही.

तो दिसायला हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. मेळघाट अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला जास्तीचे बळ दिले आहे. ग्रामसभेने महिन्यातून एकदा तीन ओळी लिहाव्यात: या महिन्यात फोन किती दिवस लागला, ग्रामपंचायतीतले इंटरनेट किती दिवस चालले, नेटवर्क नाही म्हणून कोणाचे रेशन, हजेरी किंवा औषध राहिले. त्या तीन ओळी तहसीलदारामार्फत ‘दिशा’च्या टेबलावर जाव्यात. तेथून खासदारांनी त्या दिल्लीला नेल्या, की सचिवांपुढे ‘सेवेस सज्ज’चा आकडा येईल तेव्हा शेजारी दुसरा आकडाही असेल.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी भारतीय बनावटीच्या फोर-जीवर चालणाऱ्या बीएसएनएलच्या हजारो टॉवरचे लोकार्पण केले. नेटवर्क न पोचलेल्या गावांसाठी २०२२ मध्ये मंजूर झालेल्या २६ हजार ३१६ कोटींच्या योजनेचे कामही याच कंपनीकडे आले. ही आनंदाची गोष्ट आहे. मेळघाटातही नवे टॉवर उभे राहत आहेत आणि काही ठिकाणी टेकडी चढण्याचा त्रास वाचेलही. पण टॉवर उभा राहिला तो दिवस खात्याच्या वहीत चढेल. वीज गेल्याने किंवा तार तुटल्याने तो मुका झाला, तर तो दिवस कोणाच्या वहीत चढणार, हे आपणच ठरवायचे आहे.

पुढच्या वेळी रिचार्ज कराल, तेव्हा त्यातल्या चाळीस रुपयांची आठवण ठेवा. ते आपण दान म्हणून दिलेले नाहीत. कायद्याने, एका ठरलेल्या कामासाठी दिले आहेत. आपल्या जिल्ह्याची ‘दिशा’ समिती शेवटची कधी बसली आणि दूरसंचारावर तिने काय विचारले, एवढे एक पोस्टकार्ड खासदारांना लिहायला हरकत नाही. दुर्गम गावातला फोन लागो न लागो, पोस्टमन अजून तिथे जातो.